काकू, तुम्हाला गोष्ट आधीच ठाऊक होती

ती. स्व. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

हा मायना बरोबर लिहिल्याबद्दल नववीच्या वार्षिक परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. खऱ्या पत्रात वापरायची वेळ मात्र आज पहिल्यांदा आली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि गाडी पुण्यातल्या पाणीकपातीवर नेता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

सुरुवात तक्रारीनं करते. तुम्ही माझ्याशी सहा महिने खोटं बोललात.

गेल्या महिन्यात तुमच्या लेकीनं गॅरेज आवरताना निघालेलं एक खोकं माझ्या दारात आणून ठेवलं. "आईनं सांगितलंय, हे तुझं." आत तुमचा लाकडी पोळपाट, मोजमापाचे कप, आणि सगळ्यात खाली खाकी कव्हर घातलेलं पुस्तक. मला वाटलं, ज्ञानेश्वरी असेल. उघडून बघते तर 'ट्वायलाइट', रक्तपिपासू नायकाची ती इंग्रजी कादंबरी! तीच प्रत, जी दर शनिवारी तुमच्या हातात असायची आणि जिच्यात मला कधी डोकावू दिलं नाहीत. पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात मराठी अर्थ. 'ग्लॉवर', डोळे वटारणे. 'स्मर्क', कुजकट हसू. 'चॅग्रिन', खजील होणे, आणि हाच शब्द चौथ्यांदा आल्यावर शेजारी, "बाईंना दुसरा शब्द सापडेना का!" हे थेट शेवटच्या पानापर्यंत. आणि शेवटच्या पानाखाली तारीख: २८ सप्टेंबर २००८.

आपण वाचायला बसलो ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. म्हणजे पुस्तक तुम्ही आधीच संपवलं होतंत, शब्दकोश मांडीवर घेऊन. आणि तरीही प्रत्येक शनिवारी डोळे मोठे करून विचारायचात, "मग? पुढे काय झालं गं?"

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही ऑगस्ट २००८ मध्ये नाशिकहून सिअ‍ॅटलजवळच्या रेंटनला आलो. बाबांची बदली. मी पंधरा वर्षांची, मराठी माध्यमातली. इंग्रजीचं व्याकरण पाठ होतं, पण समोरच्यानं "व्हॉट्स अप" म्हटलं की मी खरोखर वर बघायचे. शाळेत सगळ्या मुलींच्या हातात एकच काळं पुस्तक. मुखपृष्ठावर दोन पांढरेफटक हात आणि त्यांत लाल सफरचंद. मालिकेचा चौथा भाग त्याच महिन्यात आला होता, नोव्हेंबरात सिनेमा येणार होता, आणि मुलींमध्ये रक्तपिपासू नायकाच्या बाजूच्या आणि लांडगा होणाऱ्या पोराच्या बाजूच्या असे उघड दोन तट पडले होते. मी कुठल्याच तटात नव्हते. कुठला तट कशासाठी, तेच कळत नव्हतं.

काकूंची नि माझी ओळख झाली ती इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. तिथे ड्रायरमुळे ऊब असायची म्हणून मी गृहपाठ घेऊन बसायचे. एक वाक्य काही केल्या लागेना, म्हणून मी मोठ्यानं एक अस्सल नाशिकची शिवी हासडली. मागून आवाज आला, "एवढ्या लांब आल्यावर ऐकायला बरं वाटलं. कोणाची गं तू?"

काकू, त्या दिवशी मी तुम्हाला कॅन्टीनचं सांगितलं होतं, आठवतं? तिथे ठरावीक दिवशी चिली असायची, बीफ घातलेली, आणि तिच्यासोबत सिनॅमन रोल. तिखट राजम्यासारख्या कालवणाशेजारी गोड दालचिनीचा पाव! अमेरिकेच्या काही भागांत शाळेचं हे जुनं ठरलेलं जेवण आहे. मी चिली तशीच ठेवायचे आणि तो थंड, चिवट रोल कुरतडत बसायचे. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि बाकी सगळं सोडून म्हणालात, "चिवट? रोल चिवट असतो होय? ये शनिवारी." दुसरं विचारलंत, मुली काय वाचतात. आता कळतं की त्याच रात्री तुम्ही लेकीच्या कपाटातून ते पुस्तक काढलं असणार.

शनिवारी दुपारी तुमच्या ओट्यावर पीठ मळलेलं तयार. दूध कोमट हवं, किती कोमट, तर "बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं. त्याहून गरम केलंस तर यीस्ट मरतं, आणि मग बसा विटा खात." त्यात यीस्टची एक पुडी, चिमूट साखर, वर फेस येईपर्यंत थांबायचं. मग चारेक कप मैदा, एक अंडं, लोणी, मीठ, आणि भरपूर वेलची. ही वेलची तुमची नव्हे, असं तुम्हीच सांगितलंत. बॅलर्डमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलच्या जुन्या नॉर्वेजियन-स्वीडिश वस्तीत, तुम्ही पूर्वी कामाला होतात, तिथल्या एका नॉर्वेजियन आजींनी तुम्हाला हे रोल शिकवले. तिकडे पिठातच वेलची घालतात. "मी म्हटलं तिला, बाई गं, ही आमची वेलची तुमच्या बर्फात कशी पोचली?"

आमच्या घरी मी करून पाहिलं तेव्हा पीठ ढिम्म हललं नाही. घर थंडगार. तुम्ही परात उचलून ओव्हनमध्ये ठेवलीत, ओव्हन बंद, नुसता आतला दिवा चालू. "इडलीचं पीठ कुठे ठेवते तुझी आई?" तिथेच ठेवायची! तेवढं मला सुचलं नव्हतं.

आणि मग ती लाटलेली मोठी चौकोनी पोळी. त्यावर मऊ लोणी, ब्राऊन शुगर, दालचिनीची पूड. मी बावचळून बघत होते, एवढ्यात तुम्ही म्हणालात, "अळूवडी येते ना? मग हे येतं. पान बदललं फक्त." खरंच, तोच घट्ट उंडा, तेच काप. फक्त सुरीऐवजी दोरा: उंड्याखालून घालायचा, वर फुली मारायची, ओढायचा. सुरीनं वळ्या दबतात, दोऱ्यानं गोल राहतात. दालचिनीबद्दलही तुमचं मत ठाम होतं. कोकणातून आलेली नाजूक पातळ सालीची दालचिनी चहात आणि मसालेभातात घालायची, रोलला मात्र इथल्या दुकानातली जाड सालीची, झणझणीतच हवी, कारण एवढ्या साखर-लोण्यापुढे नाजूक दालचिनीचं काही चालत नाही. मी आजही हेच करते.

काप ट्रेमध्ये मांडून दुसऱ्यांदा फुगायला ठेवले की पाऊण तास मोकळा, मग भाजायला पंचवीस मिनिटं. हा वेळ पुस्तकाचा. मी ग्रंथालयाची प्रत घेऊन मोठ्यानं वाचायचे, तुम्ही खाकी कव्हर नाकाशी धरून ऐकायचात. नियम एकच: आधी प्रकरण, मग रोल.

माझे बाबा चिडले होते. "रक्त पिणाऱ्या भुतांची पुस्तकं वाचायला अमेरिकेत आणलं का तुला?" तुम्ही त्यांना काय सांगितलंत, मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी तेच रोल मागायला डबा घेऊन वर आले.

पहिल्याच प्रकरणात मी अडकले. नायिका फिनिक्सच्या उन्हातून आमच्याच वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावाच्या पावसात येते, हे ठीक. पण तिच्याकडे अख्खी शाळा वळून वळून बघते. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मला ओळखीचे वाटले ते दुसरेच. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर पाच जण बसलेत, समोर जेवणाचे ट्रे, आणि कोणी घासही घेत नाही. बाकीची मुलं हसतायत, हे आपले भिंतीकडे बघत बसलेत. मी वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "काकू, ही तर मी आहे." तुम्ही हसला नाहीत. "मग सांग मला," म्हणालात, "यांना कसं वाटत असेल?" आणि पुढे एक अट, "इंग्रजीत सांग."

इथे वेताळ आला. म्हणजे तुम्हीच आणलात. वेताळ पंचविशीत राजा विक्रमाला खांद्यावर प्रेत घेऊन गुपचूप चालायचं असतं. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील म्हणतो. राजा बोलतो, मौन मोडतं, वेताळ परत झाडावर. मी शाळेत विक्रमासारखीच होते, खांद्यावर प्रेताऐवजी दप्तर. आणि तुम्ही प्रत्येक प्रकरणाअंती प्रश्न टाकायचात. ही मुलगी बापाशी खोटं का बोलली? हा तिच्यापासून लांब राहायचं म्हणतो आणि तिच्याच मागे मागे का फिरतो? उत्तर मला येत असायचं, आणि तुम्हाला गोष्ट "ठाऊक नसायची", म्हणून सांगावंच लागायचं. दिवसभर सगळे मला समजावून सांगत असायचे, हळू, मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं. आठवड्यात एकच तास असा होता की मी कुणाला तरी समजावून सांगत होते. (रिचर्ड बर्टननं १८७० साली या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा नावातच वेताळाचा 'व्हॅम्पायर' केला. आपला वेताळ कुठे रक्त पितो? तो डोकं खातो.)

तुमच्या शेऱ्यांची एक वही व्हायला हवी होती. ती रक्तपिपासू मंडळी माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितात आणि स्वतःला गमतीनं शाकाहारी म्हणवतात, हे वाचल्यावर तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "हरणं मारून शाकाहारी? आमच्या वाईत असल्याला पंगतीत बसू देणार नाहीत." नायक रात्री खिडकीतून येऊन झोपलेल्या नायिकेकडे तासन् तास बघतो, तेव्हा सगळी शाळा उसासे टाकत होती. तुम्ही म्हणालात, "पोलिसांत द्या याला." मला तेव्हा राग आला होता. आज मी तुमच्या बाजूची आहे, शंभर टक्के. पुस्तक थोर नाही, हेही आता कळतं. पण पाचशेला दोन पानं कमी एवढं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं ते हेच, आणि त्याला कोणी नाक मुरडलं की माझं डोकं अजून फिरतं.

डिसेंबरात बर्फ पडला, बस बंद, शाळा बंद. चार वाजून वीस मिनिटांनी सूर्य मावळायचा. त्या आठवड्यात जिना चढून मी रोज वर यायचे. एकदा ग्रंथालयाच्या प्रतीवर लोण्याचा अंगठा उमटला आणि भरपाई तुम्ही गुपचूप भरलीत. तेही मला ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये पुस्तक संपलं, आणि काकांनी आपल्याला बेनब्रिजच्या फेरीबोटीनं फोर्क्सला नेलं. लाकूडतोड्यांचं साधं, भिजलेलं गाव. लेखिका स्टेफनी मायर अ‍ॅरिझोनातल्या. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे, हे शोधून त्यांनी हे गाव निवडलं, लिहिण्याआधी पाहिलंही नव्हतं. यांचे रक्तपिपासू उन्हात हिऱ्यासारखे चमकतात, म्हणून ढग हवेत. तिथल्या माणसाला तुम्ही पाऊस किती, विचारलंत. त्यानं अभिमानानं शंभर इंचांच्या वर सांगितला. तुम्ही मनात हिशेब केलात आणि मला मराठीत म्हणालात, "आमच्या महाबळेश्वराच्या निम्माच की! ही भुतं तिकडे का नाही आली?" मी ते इंग्रजीत त्याला सांगितलं. परक्या माणसाला, स्वतःहून, पूर्ण वाक्यात. तो खो खो हसला. परतीच्या बोटीवर तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता डब्यातला शेवटचा रोल माझ्याकडे सरकवलात.

आता मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दोऱ्याची इथे कमी नाही. एकदा घाईत पुदिन्याच्या वासाचा दात साफ करायचा दोरा वापरला आणि बाराही रोलना टूथपेस्टची चव आली. नवऱ्यानं निमूट दोन खाल्ले. त्या कादंबरीतल्या रक्तपिपासूंना सुळेच नाहीत, हेही धंद्याच्या नजरेनं आता खटकतं.

तुमचा पोळपाट काल वापरला. एका कडेला चीर गेली आहे, पण लाटायला अडत नाही. ओव्हनमधला दिवा लावून पीठ ठेवलं आणि तुमची प्रत घेऊन बसले. पहिल्या प्रकरणाशी, त्या कॅन्टीनच्या टेबलाशी, कडेला तुमचं अक्षर आहे: "इथे थांबायचं. विचारायचं." खाली दोनदा रेघ.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येते आहे. जाड सालीची दालचिनी इथून आणते, यीस्ट ताजं आणून ठेवा, मागच्या वेळचं मेलेलं होतं. दुसरा भागही बॅगेत टाकते. तो तुम्ही वाचलाय की नाही, हे या वेळी खरं सांगा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची