निरंक : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : आगामी अधिवेशनात शालेय शिक्षणविषयक कायद्यांत करावयाच्या दुरुस्त्यांबाबत.

महोदय,

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील शिक्षकांच्या संघटनेचा पदाधिकारी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. अधिवेशन जवळ आले की आमची निवेदने मंत्रालयात पोहोचतात, त्यांच्यावर आवक क्रमांक पडतो आणि योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, असे उत्तर येते. या वेळी मात्र आम्ही नवा शासन निर्णय मागत नाही, विधेयक मागत आहोत. कारण एका शासन निर्णयाने जे दिले ते दुसऱ्याने जाते, हे आम्ही वारंवार अनुभवले आहे. कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये निघाला आणि काही महिन्यांतच मागे घेतला गेला. पहिलीपासून हिंदी शिकवण्यासंबंधीचे एप्रिल आणि जून २०२५ चे दोन्ही निर्णय जून संपण्याआधीच रद्द झाले. धोरणे बदलावीत, त्याला आमची हरकत नाही. परंतु शाळेत किती शिक्षक असावेत आणि त्यांनी शाळेच्या वेळेत काय करावे, एवढे तरी सभागृहात चर्चा होऊन ठरावे.

पहिला आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अशैक्षणिक कामांचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीशी संबंधित कर्तव्ये वगळता अन्य कोणत्याही अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाला नेमता येत नाही. मतदारयादीचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारीही केली. कागद चांगला आहे, पण तो मोडणाऱ्याला विचारणारे कोणी नाही.

पहिली ते पाचवीची एखादी द्विशिक्षकी शाळा घ्या. दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार, म्हणजे दोन-तीन वर्ग आणि वर सगळे कार्यालय. तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी समजावताना फळ्यावर ५२ वजा २७ मांडलेले असते, दोनातून सात जात नाहीत इथपर्यंत मुले आलेली असतात, आणि फोन वाजतो. व्हॉट्सॲपच्या गटावर लिंक आलेली असते : माहिती आजच्या आज भरावी, नसल्यास निरंक कळवावे. रेंज मिळावी म्हणून शिक्षक मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. मागितलेली पटसंख्या राज्याच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर असते, केंद्राच्या 'यू-डायस' प्रणालीवर असते, शिवाय पोषण आहाराच्या ॲपवर त्या दिवशीची हजेरीही भरलेली असते. तरीही ती पुन्हा भरायची. तो वर्गात परततो तोवर खिचडी शिजलेली असते, तिची चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते, आणि दशकाकडून उसना घ्यायचा राहूनच जातो. या 'निरंक' शब्दावरून आमच्या बैठकांत थट्टा चालते, कारण कळवण्यासारखे काहीच नाही हे कळवण्यासाठीसुद्धा तास मोडावा लागतो.

म्हणून आमची मागणी अशी की, शिक्षण हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, आलेला असल्याने राज्याने स्वतःचा कायदा करून शिक्षकाला देता येणाऱ्या अन्य कामांची बंदिस्त यादी त्यात घालावी. यादीबाहेरचे काम सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व निश्चित करावे. एकदा शासनाच्या कोणत्याही प्रणालीवर भरलेली माहिती पुन्हा मागू नये आणि प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, माहिती भरणारा एक कर्मचारी द्यावा. आमच्यातही वर्गापेक्षा कार्यालयात रमणारे काही आहेत आणि प्रतिनियुक्तीचा आदेश ते स्वतः खटपट करून मिळवतात, हे आम्ही नाकारत नाही. यादी कायद्यात आली की ती वाटही बंद होईल, आणि त्याला आमची तयारी आहे.

दुसरा मुद्दा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करण्याचा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने मात्र या वर्गांचा पट वीसपेक्षा कमी असल्यास एकही पद मंजूर न करण्याचा निकष आणला. शहरात वीस हा आकडा लहान वाटतो. वाडी-वस्तीवर तो अख्ख्या गावातील मुलांचा असतो. शिक्षक गेला की वर्ग जातो, आणि पुढच्या गावाच्या वाटेत ओढा असेल तर पावसाळ्यात आधी मुलींची शाळा सुटते. यात आणखी एक मेख आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. पण मंजूर पदेच कमी केली की एकही शिक्षक न भरता रिक्त पदांची टक्केवारी सुधारते. संचमान्यतेचे निकष अनुसूचीपेक्षा कमी ठेवता येणार नाहीत, असे स्पष्ट कलम राज्याच्या कायद्यात हवे.

भरतीबाबत थोडक्यात सांगतो. २००० पासून शिक्षणसेवक योजना चालू आहे. नव्या शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर काढायची, आणि २०२३ च्या वाढीनंतरही प्राथमिक स्तरावर ते मानधन महिना १६,००० रुपये आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असा आकडाच मांडला होता. त्यांचे नाव घेणाऱ्या राज्याने ही योजना विधेयकाद्वारे संपवावी. नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न मार्च २०२३ च्या संपापासून आपल्यासमोर आहेच. त्यावर नव्याने लिहिण्यासारखे काही उरलेले नाही.

राहिला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन आले. परीक्षेला आमचा तत्त्वतः विरोध नाही आणि न्यायालयाचा आम्ही आदर करतो. परंतु ज्यांच्या नियुक्तीवेळी ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती, त्यांनी तेव्हाची प्रत्येक अट पूर्ण केली होती. शिक्षण हक्क कायद्याच्या, शिक्षकांच्या पात्रतेविषयीच्या कलम २३ मध्ये दुरुस्ती करणे संसदेच्या हाती आहे. विधिमंडळाने तसा ठराव करून केंद्राकडे पाठवावा, आणि तोवर या शिक्षकांना अभ्यासासाठी रजा द्यावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी आपण वेळ द्यावी, ही विनंती. ती शक्यतो रविवारची किंवा सुट्टीच्या दिवशीची असावी. शाळेच्या दिवशी मुंबईला आलो, तर त्या दिवशीही द्विशिक्षकी शाळेत एकच शिक्षक उरेल.

आपला विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षक