मर्दी हिमाल ट्रेकमधील अरण्यातले मुक्काम परस्पर वगळल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
पदभ्रमण मोहिमा आयोजित करणारी कंपनी, पुणे

दिनांक : १२ मे २०२५

महोदय,

मार्चअखेरीस आपल्या कंपनीने नेपाळमध्ये मर्दी हिमाल बेस कॅम्पचा जो ट्रेक नेला, त्यात मी आणि माझे थोरले बंधू सहभागी होतो. परत आल्यावर मी आपल्या कार्यालयाकडे ई-मेलने तक्रार नोंदवली होती. तिला आलेले उत्तर मूळ मुद्द्याला बगल देणारे असल्यामुळे हे सविस्तर पत्र थेट आपल्या नावे, रजिस्टर पोस्टाने पाठवीत आहे.

आम्ही दोघे बेस कॅम्पपर्यंत पोहोचू शकलो नाही, हे या तक्रारीचे कारण नाही. डोंगरात हवामान बिघडते, प्रकृती साथ देत नाही, माघारी फिरावे लागते, हे इतकी वर्षे सह्याद्रीत फिरल्यावर आम्हाला कुणी सांगायला नको. माझी तक्रार आहे ती आपण छापील कार्यक्रमात कबूल केलेले आणि ज्याचे पैसे आगाऊ घेतले ते अरण्यातले मुक्काम आम्हाला न विचारता काढून टाकल्याबद्दल, आणि त्यामुळे माझ्या भावाच्या जिवावर बेतण्याची वेळ आल्याबद्दल.

आपल्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर या ट्रेकचे वर्णन ‘गर्दीपासून दूर, गुरांसाच्या शांत अरण्यातून बेस कॅम्पकडे’ असे केलेले आहे. (गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे फुलझाड.) कार्यक्रमही त्याला धरूनच होता. पोखराहून कांडे, तिथून पायी पोथाना मार्गे देउराली येथे सुमारे २१०० मीटरवर पहिला मुक्काम, दुसरा फॉरेस्ट कॅम्प म्हणजे कोकर येथे सुमारे २५५० मीटरवर, तिसरा लो कॅम्पला सुमारे ३००० मीटरवर, चौथा बादल डांडा येथे ३२०० मीटरच्या आसपास आणि पाचवा हाय कॅम्पला ३५८० मीटरवर. त्यानंतर ४५०० मीटरवरच्या बेस कॅम्पला जाऊन परत. अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या प्रसिद्ध वाटेऐवजी आम्ही ही वाट निवडली, ती याच क्रमामुळे. माझ्या भावाचे वय अठ्ठावन्न आहे. चढ हळूहळू आहे आणि सुरुवातीचे दिवस झाडीतून चालायचे आहे, हे पाहूनच आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या तपासणीपत्रावर सही केली होती.

प्रत्यक्षात काय घडले? पोखराला पोहोचलो त्या रात्री जेवणानंतर आपल्या ट्रेक लीडरने सांगितले की ‘थोडा बदल’ झाला आहे, उद्या जीपने सिदिंगपर्यंत जायचे आणि तिथून त्याच दिवशी लो कॅम्प गाठायचा. कारण विचारता उत्तर मिळाले की लगोलग पुढची बॅच येणार आहे आणि तिच्यासाठी हाच लीडर आणि हेच पोर्टर लागणार आहेत. देउराली, कोकर आणि बादल डांडा हे तिन्ही मुक्काम अशा रीतीने एका वाक्यात रद्द झाले. वाचलेल्या दिवसांत आम्हाला पोखराच्या फेवा तलावाकाठी हॉटेलमध्ये ‘मोकळा वेळ’ देण्यात आला, आणि त्याच वेळी पुढची बॅच डोंगरात चढत होती.

सिदिंगहून वर येणारी वाटही जंगलातूनच येते, हे मला मान्य आहे. पण ती उभ्या चढाची वाट आहे, आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा दुपार होत आली होती, आणि अंधारापूर्वी लो कॅम्प गाठायचा म्हणून लीडर मागून सतत घाई करीत होता. त्याच्या सॅकला अडकवलेल्या स्पीकरवर सगळा वेळ गाणी चालू होती. ती बंद करण्याची आम्ही दोनदा विनंती केली, तेव्हा आवाज थोडा कमी झाला, इतकेच. शांत अरण्याच्या नावाने पैसे घेतलेल्या सहलीत एकाही पक्ष्याचा आवाज ऐकू येऊ नये, हे मला अजून सहन होत नाही.

आता उंचीविषयी. पोखरा सुमारे ८०० मीटरवर आहे. तिथे झोपलेल्या माणसांना आपण दुसऱ्या रात्री ३००० मीटरवर आणि तिसऱ्या रात्री ३५८० मीटरवर झोपवले. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि सखल भागातून एका दिवसात उठून २७५० मीटरच्या वर मुक्कामाला जाऊ नये, ही काळजी उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. आपला मूळ कार्यक्रम या दोन्ही गोष्टी पाळणारा होता, म्हणजे तो आखणाऱ्या व्यक्तीला हे शास्त्र नक्की माहीत होते. मग ते मुक्काम काढताना ती व्यक्ती कुठे होती? मी ही शंका पोखरालाच बोलून दाखवली, तेव्हा लीडर म्हणाला, ‘तुम्ही लोक कळसूबाई चढता, तुम्हाला काय होणार आहे?’ कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचे आहे. लो कॅम्प त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. पायांत कितीही बळ असले तरी विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि अरण्यातले मुक्काम हेच ते दिवस होते.

हाय कॅम्पला पोहोचल्यावर भावाचे डोके ठणकू लागले. समोर आलेला डाळभात त्यांना नकोसा झाला, दोनदा उलटी झाली आणि ते भिंतीला टेकून गप्प बसून राहिले. लीडरकडे ऑक्सिमीटर नव्हता. तो माहितीपत्रकातील सुरक्षा साधनांच्या यादीत आहे. विचारल्यावर कळले की तोही पुढच्या बॅचच्या पेटीत गेला. ‘सगळ्यांनाच होते, गोळी घ्या, सकाळी हळूहळू बेस कॅम्पला निघू,’ असे म्हणून त्याने एक गोळी हातावर ठेवली. मी पाकिटावरचे नाव वाचले, ती असेटाझोलामाइडची, म्हणजे उंचीच्या आजारावरच्या औषधाची होती. हे औषध सल्फा गटातले आहे आणि माझ्या भावाला सल्फाची ॲलर्जी आहे. ही गोष्ट आपण भरून घेतलेल्या वैद्यकीय अर्जात डॉक्टरांच्या सहीने लिहिलेली आहे. तो अर्ज लीडरने पाहिलेला नव्हता, इतकेच नव्हे तर त्याच्याकडे तो पाठवलेलाच नव्हता. मग आम्ही तो अर्ज कोणासाठी भरला?

सोबतच्या नेपाळी वाटाड्याने स्वच्छ शब्दांत सांगितले की दाइंना, म्हणजे थोरल्या भावाला, आजच खाली न्यायला हवे, वर नेऊ नये. आपल्या लीडरने त्याला सर्वांसमोर गप्प केले. अखेर टी हाऊस, म्हणजे आमचे मुक्कामाचे घर, चालवणाऱ्या बाईंनी मध्ये पडून वाद थांबवला, आणि एका तरुण पोर्टरने आमच्या दोघांच्या सॅक उचलून आम्हाला लो कॅम्पकडे उतरवायला सुरुवात केली. कंपनीने त्याला टॉर्च दिलेली नव्हती. शेवटचा टप्पा आम्ही त्याच्या मोबाइलच्या उजेडात उतरलो. दर अवघड पायरीला तो थांबे, भावाचा हात धरी आणि मगच पुढे पाऊल टाकी. लो कॅम्पला पोहोचून दोनेक तास झाल्यावर भावाची डोकेदुखी उतरली आणि त्यांनी दिवसभरात प्रथमच चार घास खाल्ले.

हाच मुलगा आदल्या दिवशी तीन सहभागींच्या डफल बॅगा आणि वर कंपनीच्या खाऊचा डबा एकत्र बांधून, नामलो, म्हणजे ओझे पेलायचा पट्टा, कपाळाला लावून चढला होता. एका पोर्टरवर दोनच सहभागींचे सामान आणि तेही वीस किलोपर्यंत, असे आपण आम्हाला लेखी कळवले होते आणि त्याचे पैसे वेगळे घेतले होते. त्याच्या हातात मोजे नव्हते. माझ्या दृष्टीने या पत्रातील ही सर्वांत गंभीर बाब आहे, कारण मी निदान पत्र लिहून दाद मागू शकते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आणि तो मुलगा डोंगराच्या धारेवरच्या वाटेने कोकर आणि देउरालीमार्गे कांडेकडे उतरलो. आपल्या कार्यालयाने मला लिहिले आहे की ‘खालच्या जंगलात पाहण्यासारखे विशेष काही नसते, लोक बर्फ पाहायला येतात, म्हणून ते दिवस कमी केल्याने ग्राहकाचे नुकसान होत नाही.’ उत्तर लिहिणाऱ्याने ही वाट कधी चाललेली नसावी, म्हणून तिथे काय आहे ते मी इथे नोंदवते. लो कॅम्पच्या बाजूला गुरांस फिकट गुलाबी फुललेला होता. जसजसे उतरत गेलो तसतसा तो गडद होत कोकरच्या आसपास लालभडक झाला. एकाच जातीचे झाड उंचीप्रमाणे फुलाचा रंग बदलते, हे पायी चालणाऱ्यालाच दिसते, आणि तेही त्याच दिवसांत. खसरूच्या, म्हणजे हिमालयी ओकच्या, जुन्या खोडांवर इतके दाट शेवाळ होते की हात ठेवला तर मनगटापर्यंत ओला होई. एके ठिकाणी त्या मुलाने कमरेएवढ्या एका झुडपाजवळ थांबून त्याच्या सालीची बोटभर पट्टी सोलून माझ्या हातात दिली आणि ‘दिदी, तोडून बघा’ म्हणाला. मला ती तुटली नाही. ते लोकता होते; त्याच्याच सालीपासून नेपाळी कागद बनतो, ज्यावर त्या देशातले सरकारी दस्तऐवज पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. झाडीत जिथे फट पडे तिथे ६९९३ मीटरचे माछापुच्छ्रे शिखर समोर येई, आणि पुढच्या वळणावर पुन्हा झाकले जाई. त्या वाटेवर आम्हाला तासन्‌तास दुसरे कोणी भेटले नाही.

आम्ही हेच विकत घेतले होते. आजारी माणसाला घेऊन घाईने उतरताना ते जेवढे दिसले तेवढे दिसले, आणि आमच्या बॅचमधल्या बाकीच्यांना तर तेही मिळाले नाही, कारण त्यांना आल्या वाटेने सिदिंगलाच उतरवण्यात आले.

परवाना शुल्काचाही प्रश्न आहे. आपल्या हिशोबात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राच्या प्रवेशपरवान्यापोटी प्रत्येकी ३००० नेपाळी रुपये लावलेले आहेत. हा दर सार्कबाहेरच्या परदेशी नागरिकांसाठी आहे. भारतीयांसह सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये पडतात, आणि आमच्या परवान्यांवर तीच रक्कम छापलेली आहे. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला असल्याने प्रत्येकाकडून १२५० रुपये जास्त घेतले गेले. रक्कम मोठी नाही, पण ती संपूर्ण बॅचकडून घेतली गेली आहे आणि सर्वांनाच परत मिळाली पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत. वगळलेल्या तीन मुक्कामांचे निवास, भोजन आणि मार्गदर्शन यांचे शुल्क, तसेच परवान्यापोटी घेतलेली जादा रक्कम बॅचमधील प्रत्येक सहभागीला परत करावी. भावाला खाली आणण्यासाठी आणि पोखरात त्यांची तपासणी करण्यासाठी आलेला खर्च द्यावा. आम्हाला उतरवणाऱ्या पोर्टरला त्या रात्रीच्या कामाचा वेगळा मोबदला आणि त्या बॅचमध्ये जास्तीचा भार वाहिलेल्या सर्व पोर्टरना फरकाची मजुरी मिळाल्याची पावती मला दाखवावी. ही मागणी मी तडजोडीत सोडणार नाही. यापुढे मुक्काम कमी करायचा झाल्यास सहभागींची लेखी संमती घेतली जाईल, वैद्यकीय अर्ज लीडरच्या हाती असेल आणि आजारी माणसाला खाली नेण्याच्या बाबतीत स्थानिक वाटाड्याचा शब्द अखेरचा मानला जाईल, असे लेखी आश्वासन आपल्या सहीने द्यावे.

कबूल केलेली सेवा न देणे आणि चुकीचे वर्णन करून ती विकणे, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा यांच्या व्याख्येत बसतात. त्याच कायद्याने ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे हे प्रकरण मी साताऱ्यातच दाखल करू शकते. माहितीपत्रक, पैसे भरल्याची पावती, दोन्ही परवाने, वैद्यकीय अर्जाची प्रत, पोखरातील डॉक्टरांची चिठ्ठी आणि आपल्या कार्यालयाचे ई-मेल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बॅचमधील इतर सहभागींनीही सहीची पत्रे देण्याची तयारी दाखवली आहे.

हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत आपल्या सहीचे लेखी उत्तर यावे. ते न आल्यास मी जिल्हा आयोगाकडे जाईन. दूरध्वनीवरून केलेली चर्चा किंवा पुढच्या ट्रेकवर सवलत, हे या पत्राचे उत्तर मानले जाणार नाही.

आपली विश्वासू,
(सही)
आरक्षणाची मूळ अर्जदार, सातारा