तुझ्या आजीचं जातं

मळा, राधानगरी रोड, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

तुमच्या परड्यात चिंचेखाली पालथं पडलेलं जातं मी मळ्यात आणलंय. तुला विचारलं नाही, चुकलंच. पण आधी सगळं वाच, मग शिव्या दे.

विहिरीकडच्या अर्ध्या एकरात जुनं गाव उभं करायचं खूळ अजून उतरलेलं नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, "कणेरी मठासारखं काय?" मठावरचं सिद्धगिरी म्युझियम कुठं, आपलं कुठं! तिथले सिमेंटचे पुतळे आत्ता बोलतील असे. माझ्याकडं पुतळा एकही नाही. जे आहे ते हाताळायचं. कणगी, उखळ, गाडीचं चाक, आणि मापं. पोरं मापांवर तुटून पडतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे जोंधळे ओतून मोजलं की पाढा न घोकता पाठ होतं.

मोटेनं मात्र घाम काढला लेका. कातड्याची मोट शिवणारं कुणी सापडेना, शेवटी पत्र्याची करून घेतली. चाक, नाडा नि सोंदूर हे दोर, पाणी पडायचं थारोळं, सगळं जुळलं. बैल भाड्यानं आणले. ते धावेवरून, म्हणजे विहिरीपासनं उतरत्या वाटेवरून, खाली झकास गेले, मोट वर आली, थारोळ्यात पाणी ओतलं. टाळ्या! पण मोट परत विहिरीत सोडायची तर बैल उलट्या पावलांनी चढावर यायला पाहिजेत, आणि ट्रॉलीला जुंपून वाढलेल्या बैलांना मागं सरायचं ठाऊकच नाही. बसले तिथंच. एकानं तर धावेवरच शेण टाकून निषेध नोंदवला. मग वरच्या आळीतले आबा काठी टेकत आले. बैलांच्या पुढं उभं राहून नुसते च्यक् च्यक् करत राहिले. चार दिवस लागले. आता येतात मागं, पण आबा समोर असले तरच.

बारा बलुतेदारांची घरंही करायची होती. आराखडा आपल्या वर्गातल्या एकाला दाखवला. त्यानं एवढंच विचारलं, "आमच्या आज्याचं घर कुंपणाच्या आत बांधणार का बाहेर?" मी गप्प. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन, म्हणजे गावाची ती पिढीजात राबणूक, मोडलं, आणि मी शंभर वर्षांनी त्याच आज्याची झोपडी बांधून तिकीट लावणार होतो. आराखडा चुलीत घातला.

आता जात्याचं. छिन्नीनं टाकी लावून दगड खरबरीत करून घेतला, नवा खुंटा बसवला आणि मोठ्या हौसेनं आईला दाखवायला नेलं. तिनं हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "बाळ्याच्या आजीचं न्हवं हे? गिरणी याच्या आधी पहाटं तीनला उठून आमी दोघी समोरासमोर बसायचो. हाताला फोडं, पोटात पोर. तिला इचारलं असतंस तर म्हणाली असती, हिरीत टाक." आणि वर, "आमी ज्यातनं सुटलो ते बघायला लोक पैसं देत्यात व्हय?"

दोन दिवस तोंड दाखवलं नाही मी. तिसऱ्या दिवशी शाळेची सहल आली. दोन मुली जात्याला बसल्या, हसत हसत फोटो काढले, दहा-बारा फेऱ्यांत दमून उठल्या. आई लांबून बघत होती. तरातरा आली. "बसा खाली. वैरण, म्हंजी दाणं, बोटभर घाला, मूठभर न्हवं. पीठ हुईस्तोवर उठायचं न्हाई." अर्धा तास बसवलं त्यांना. मापटंभरही झालं नाही, तेही रव्यासारखं. त्याचीच भाकरी थापून दिली. एकीच्या तळव्याला फोड आला होता. तो आईनं सगळ्या वर्गाला दाखवला.

आता तिची अट अशी, की जातं ठेवायचं असेल तर नुसतं फिरवून फोटो काढायला नाही. जो बसेल त्यानं भाकरीपुरतं दळायचं, नाहीतर लांबून बघायचं. मी कबूल केलंय. लोक वैतागतील, वैतागू देत.

पण जातं तुमचं. तू नको म्हणालास तर उद्या टेम्पोत घालून परड्यात ठेवतो, पालथं, होतं तसं. तुझ्या आत्याला विचार. आजीच्या मांडीशी बसून वैरण घालायची ती, तिचा शब्द शेवटचा. आणि जोंधळ्याच्या दिवसांत येऊन जा. तुला मात्र पायलीभर दळायला लावणार आहे, आईनं तसं आत्ताच बजावलंय.

तुझा,
पिंट्या