विषय : जूनच्या अपडेटनंतर पालक-अ‍ॅप अंध पालकाला निरुपयोगी, तीन तक्रारी, तिन्ही तुमच्याकडून परस्पर बंद

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,

तुमच्या मदतकक्षाशी माझं शेवटचं बोलणं आज सकाळी अकराला संपलं. म्हणजे तिकडून फोन ठेवला गेला.

मी अंध आहे. मुलगी तिसरीत, फोंड्याच्या शाळेत. गृहपाठ, फी, बाईंचे शेरे, सगळं शाळेने तुमच्या अ‍ॅपवर टाकलंय आणि त्याचे पैसे आम्ही पालक भरतो. मेपर्यंत टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा फोनमधला स्क्रीन रीडर, लावून मी सगळं वाचत होतो. जूनमध्ये तुम्ही अ‍ॅप 'देखणं' केलंत. आता बोट फिरवलं की ऐकू येतं : अनलेबल्ड बटण. अनलेबल्ड बटण. अनलेबल्ड बटण. यातलं फीचं कुठलं आणि गृहपाठाचं कुठलं? आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलीचा भोंगा वाजवतो तेव्हा आंधळ्यालाही कळतं की पाव आले. तुमच्या बटणांना तेवढंही जमत नाही.

आजचं संभाषण जसंच्या तसं देतो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच.

"सर, वर उजवीकडे निळी घंटा दिसते का?"
"मला दिसत नाही."
"रिफ्रेश करा. आता दिसते?"
"मॅडम, स्क्रीन ठीक आहे. मी अंध आहे."

टाइप केल्याचा आवाज आला. वाटलं, चला, नोंद होतेय.

"ओके सर. मग प्रॉब्लेम येतो तिथला स्क्रीनशॉट काढा, त्यावर लाल गोल करा आणि पाठवा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "घरात कोणी बघणारं नाही का?"

आहे. दोन जणं आहेत. पण अ‍ॅपवर पालक म्हणून नोंद माझी आहे. दुपारी मेसेज आला : 'ग्राहकाकडून स्क्रीनशॉट न मिळाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर स्क्रीनशॉटच लिहिलेला असणार, आणि तो कागद तुम्ही लिहिलाय.

बघणारं माणूस म्हणजे आमची बाय, म्हणजे हीच मुलगी, वय वर्षं आठ. बायको ड्युटीवर असली की बाईंचे शेरे तीच मला वाचून दाखवते. गेल्या महिन्यात वाचलं, 'उद्या रंगपेटी आणणे.' पुढची ओळ, 'वर्गात फार बोलते, पालकांनी भेटावे', ही मला शाळेच्या फाटकापाशी बाईंकडून कळली. बोंडल्याच्या सहलीची संमतीही त्याच मुक्या बटणांत अडकली होती. बाईंनी आपणहून फोन केला म्हणून पोरगी गेली.

हे दुरुस्त करणं किती अवघड आहे ते मला सांगू नका. अँड्रॉइडमध्ये चिन्हाला नाव द्यायला कंटेंट डिस्क्रिप्शनची एक ओळ लागते. चित्राला पर्यायी मजकूर हवा, हा वेब सुगमतेच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतला पहिलाच मुद्दा, 1999 पासूनचा. मी सरकारी खात्यात एनव्हीडीएवर दिवसभर पत्रव्यवहार करतो. तो स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तुमच्या अ‍ॅपचे मात्र पैसे पडतात.

कायदाही तुम्हांला ठाऊक असेल, तरी लिहितो. दिव्यांग हक्क अधिनियम 2016, कलम 46 : सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, सुगमतेचे नियम पाळायला मुदत दोन वर्षं. नियम 2017 चे. बोटांवर मोजा. डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितलं. कलम 89 खाली पहिल्या खेपेला दंड दहा हजारांपर्यंतच. तो तुम्ही चहापाण्यात घालाल. पुढच्या खेपेला पन्नास हजार ते पाच लाख.

पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरला तेव्हा तुम्ही लोगो जांभळा केला होता. मला बायकोने सांगितलं. रंग बदलायला वेळ मिळाला, बटणांना नावं द्यायला नाही.

पंधरा दिवसांत नावं द्या, नाहीतर मी राज्य दिव्यांगजन आयुक्त आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे जाईन. माझ्या एवढ्याशा रकमेच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही.

उत्तर मजकुरात पाठवा. सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून पाठवलात तर तो बायलाच वाचायला द्यावा लागेल, आणि ती काय गाळते ते वर लिहिलंच आहे.

तिसरीतल्या विद्यार्थिनीचा पालक,
फोंडा, गोवा