उत्तेजन शेजारी बसून द्यायचे असते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संकल्प का टिकत नाहीत आणि मनाची उभारी कशी राखावी, या विषयांवर आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून लेखन येते व मी ते आवडीने वाचतो. त्यातील बहुतेक सल्ला माणसाने स्वतःच स्वतःला कसे सावरावे याविषयी असतो: लवकर उठा, ध्येय लिहून ठेवा, नकोसे विचार झटकून टाका. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ख्रिस्ती श्रद्धेने जगू पाहणारा एक सामान्य माणूस म्हणून मला असे वाटते की उत्तेजन आणि समर्पणाचे नूतनीकरण या दोन्ही गोष्टींकडे आमच्या शास्त्राने जरा वेगळ्या नजरेने पाहिले आहे, आणि ती नजर आम्ही ख्रिस्ती लोकच पुष्कळदा विसरतो.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत उत्तेजनासाठी ‘पाराक्लेसिस’ असा शब्द येतो. त्याच्या मुळाशी ‘आपल्याजवळ बोलावणे’ हा अर्थ आहे, आणि बोध, सांत्वन व विनवणी हे सारे त्या एकाच शब्दात सामावते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना ज्या पवित्र आत्म्याचे वचन देतो त्यालाही याच धातूपासून बनलेले नाव आहे, आणि मराठी शास्त्रात त्यासाठी ‘कैवारी’ हा फार नेमका शब्द योजला आहे. कैवार घेणारा माणूस काठावर उभा राहून टाळ्या वाजवत नाही. तो आपल्या बाजूने भांडणात उतरतो.

या शब्दाचा अर्थ ज्याच्या वागण्यातून कळतो तो माणूस म्हणजे कुप्र (सायप्रस) बेटावरचा योसेफ. प्रेषितांनी त्याचे नावच बदलून बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, असे ठेवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याची लांबलचक भाषणे नाहीत, कामे आहेत. मंडळीचा छळ करणारा शौल, जो पुढे पौल म्हणून ओळखला गेला, ख्रिस्ताकडे वळला तेव्हा यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले व त्याच्याविषयी स्वतः ग्वाही दिली. पुढे अंत्युखियात काम वाढले, तेव्हा तोच तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. मला मात्र त्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती योहान मार्काची. हा तरुण पहिल्याच प्रचारयात्रेत पंफुल्या प्रांतातून पौल व बर्णबा या दोघांना सोडून परत फिरला होता. दुसऱ्या वेळी त्याला बरोबर न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र मतभेद झाला की ते एकमेकांपासून वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. त्या बेटावर त्या दोघांत काय बोलणे झाले, किती दिवस गेले, यातले काहीही शास्त्रात लिहिलेले नाही. परंतु आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौलच म्हणतो की मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. परतीच्या वाटेला लागलेल्या एका माणसाबरोबर दुसरा एक माणूस चालत राहिला, एवढेच घडले. आणि दुसरे शुभवर्तमान आज याच मार्काच्या नावाने ओळखले जाते.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी पत्नीच्या दीर्घ आजारानंतर व निधनानंतर माझे उपासनेला जाणे थांबले. श्रद्धा सोडली असे मी कोणाला सांगितले नाही, कारण तसे काही ठरवून झाले नव्हते. एक रविवार चुकला, मग दुसरा, आणि पुढे मोजणेच थांबले. त्या दिवसांत पुष्कळ लोक येऊन गेले. ‘देवाची इच्छा’, ‘ती आता चांगल्या ठिकाणी आहे’, ‘तुम्ही खंबीर राहा’ ही वाक्ये मी इतक्यांदा ऐकली की ती कोण म्हणाले हेही आता आठवत नाही. आठवतात ते मंडळीतले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांच्याशी तोवर माझी ओळख हस्तांदोलनापलीकडे नव्हती. ते आले, मेजावर पसरलेल्या रुग्णालयाच्या पावत्यांकडे त्यांनी पाहिले, खिशातून चष्मा काढला आणि विचारले, “या लावून देऊ का?” विम्याची कागदपत्रे पाठवायची मुदत संपत आली होती आणि मला त्या पावत्यांना हात लावणेही जमत नव्हते, कारण प्रत्येकीवर तिचे नाव होते. ते दोन संध्याकाळी माझ्यासमोर बसले, एकेक पावती तारखेप्रमाणे लावली, टाचण्या मारल्या, बेरीज दोनदा तपासली. प्रार्थना केली ती निघताना, उभ्या उभ्या, जेमतेम तीन वाक्यांची. दारात वहाणा घालताना म्हणाले, “रविवारी माझ्या शेजारची जागा रिकामीच असते.”

मी गेलो, पण लगेच नाही. मध्ये तीन रविवार गेले. गीत सुरू झाले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. आजूबाजूचे लोक गात होते आणि ते जणू माझ्याही वाट्याचे गात होते. एकत्र मिळणे सोडू नका, एकमेकांना बोध करा, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. ते वचन मी लहानपणापासून हजेरीच्या नियमासारखे वाचत आलो होतो. ज्या दिवशी स्वतःला गाता येत नाही त्या दिवसासाठी ते लिहिलेले आहे, हे मला त्या बाकावर उमगले.

म्हणूनच आमच्या मंडळ्यांतील एका सवयीविषयी थोडे कडू लिहितो. कोणी संकटात आहे असे कळताच मोबाइलवर फुलांच्या चित्रासह एखादे वचन पाठवून द्यायचे आणि आपले कर्तव्य झाले असे मानायचे, हे आता फार सोपे झाले आहे. वचन खरेच असते. पण ते पाठवायला आपल्याला काहीच मोजावे लागलेले नसते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावे ठेवतो, परंतु ते सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, हे विसरतो. त्यांचे बिघडले ते तोंड उघडल्यावर. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हाही देवदूताने त्याला आधी भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. प्रश्न विचारला गेला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर.

आता समर्पणाविषयी. विशेष सभांमधून, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गीतांनंतर, हात वर करून अनेक जण नव्याने जीवन वाहून देतात. मीही दिले आहे, एकदा नव्हे. अशा क्षणांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही, पण त्यानंतर सोमवार येतो, आणि सोमवारी कचेरीत तोच वरिष्ठ असतो, घरात तोच अबोला असतो. आपल्या मागे येणाऱ्याने आत्मत्याग करून वधस्तंभ उचलावा, हे येशूचे वचन मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही दिले आहे. त्यांपैकी लूकच्या नवव्या अध्यायात तेवढा ‘दररोज’ हा शब्द आहे. इस्राएल लोकांना रानात देवाकडून रोज मिळणारे अन्न, म्हणजे मान्ना, तेही असेच होते: दुसऱ्या दिवसासाठी ठेवले की त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. कालच्या भक्तीचे शिळे खाऊन आज निभावत नाही, हे मला वयाच्या साठीत कळले.

आणि दररोज म्हटले की दररोज चुकणेही आले. येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारले ते कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना. त्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो, आणि तो म्हणजे पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी, जिथे येशूने स्वतः विस्तव पेटवून शिष्यांसाठी मासळी व भाकर तयार ठेवली होती. न्याहारी झाल्यावर पेत्राला तीनदा विचारले गेले, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? त्या रात्रीचा हिशेब मागितला गेला नाही. प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले गेले: माझी मेंढरे सांभाळ.

मंडळीच्या इतिहासातही ज्यांना ही रोजची बाजू उमगली त्यांनी तिच्यासाठी रीती घालून दिल्या. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये लंडन येथे कराराच्या नूतनीकरणाची उपासना घेतली, आणि मेथडिस्ट मंडळ्यांत ती बहुधा वर्षारंभी आजही होते. तिच्या प्रार्थनेत ‘मला कामाला लाव’ याबरोबरच ‘मला बाजूला ठेव’ असेही देवाला म्हणायचे असते. निवृत्त झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाने ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे ते किती अवघड आहे ते कळेल. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघराचे काम करणाऱ्या ब्रदर लॉरेन्स यांना ते काम स्वभावतः मुळीच आवडत नव्हते, तरी भांड्यांच्या गोंगाटातही देवाच्या सान्निध्यात राहण्याची सवय त्यांनी लावून घेतली. मला हे न आवडणे फार दिलासा देते.

माझी स्वतःची रीत अगदी साधी आहे. सकाळी एक वचन वाचतो आणि त्या दिवशी कोणाकडे जायचे किंवा कोणाला फोन करायचा ते एकच नाव कागदावर लिहितो. काही दिवस ते नाव तसेच राहून जाते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा लिहावे लागते. सध्या एका तरुणाचे नाव वरचेवर येत आहे. नोकरी गेल्यापासून तो उपासनेला येत नाही. मी त्याला अजून कोणतेही वचन पाठवलेले नाही. मागच्या आठवड्यात त्याच्या अर्जांची पाकिटे लिहायला बसलो होतो, काल त्याने फोन उचलला नाही. उद्या संध्याकाळी पुन्हा करणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक