पाटण्याच्या मठाला जे मिळाले, ते सिद्धतेच्या संशोधनालाही द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

चाळीसगावजवळच्या पाटणे गावी इ. स. १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ राजाने त्याला कायमचे उत्पन्न लावून दिले. खान्देशात फॉर्मल मेथड्सच्या संशोधनाला आज तेवढेच हवे आहे.

प्रोग्राम बरोबर आहे हे नुसत्या चाचण्यांवर न सोडता सिद्ध करायचे आणि सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घ्यायची, असे हे शास्त्र. उदाहरणार्थ, क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधली नोंद पाहून शोध निम्म्यावर आणणारी बायनरी सर्च ही पद्धत दुसऱ्या वर्षालाच शिकवतात. त्यात मधला क्रमांक काढताना दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून दोनने भागतात. पूर्णांक ३२ बिटांत साठवला असेल, तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे बेरीज गेली की ती ऋण होते. यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी असल्याशिवाय हे दिसतच नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत ही चूक सुमारे नऊ वर्षे होती, २००६ साली ती जाहीर झाली. उपाय एका ओळीचा: टोकांमधल्या अंतराचे निम्मे खालच्या टोकात मिळवा.

मात्र डाफ्नी या सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत साधा पूर्णांक अमर्याद असतो. तिथे हाच चुकीचा प्रोग्राम बिनतक्रार सिद्ध होतो! ३२ बिटांचा प्रकार स्वतः बांधून घ्यावा लागतो. काय सिद्ध करायचे ते विधान नेमके मांडणे हेच खरे कौशल्य आहे, आणि आठवड्याच्या कार्यशाळेत ते येत नाही.

सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही; लीन, रॉक, इसाबेल ही सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत. १६ जीबी रॅमचे संगणक पुरतात. लीनची मॅथलिब ही गणिताची लायब्ररी मुळापासून बांधायला कित्येक तास जातात, म्हणून तयार फायली एकदाच उतरवून कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवाव्यात. अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलांना नेटवर विसंबावे लागू नये. सत्रभर एकच आवृत्ती ठेवावी, नाहीतर मधेच अद्ययावत केल्यावर जुन्या सिद्धता मोडतात.

खर्च आहे तो माणसांचा. एसईएल४ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात सी भाषेच्या जेमतेम ८,७०० ओळी. २००९ साली पूर्ण झालेली त्याची सिद्धता दोन लाख ओळींची, आणि तिला सुमारे २० मनुष्य-वर्षे लागली. अशा संशोधकाचे दरवर्षी शोधनिबंध मोजले, तर तो दोन वर्षांत विषय सोडतो. दोष त्याचा नसतो.

म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात या विषयाची दोन पूर्णवेळ पदे निर्माण करावीत. मूल्यमापन पाच वर्षांनी एकदा व्हावे, आणि यंत्राने तपासलेली, सर्वांना खुली केलेली सिद्धता शोधनिबंधाइतकीच धरावी.

आपले,
खान्देशातील संगणकशास्त्राचे अध्यापक