मावशी, तुमच्यामुळे आमच्या घरात एकच ताट लागतं

प्रिय मावशी,

हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेलच. समोर बोलायला गेले की तुम्ही "काय ताई, उगाच" म्हणून कणकेच्या परातीकडे वळता आणि माझं तिथंच राहतं, गेले कित्येक महिने असंच चाललंय, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मागच्या वर्षी जूनमध्ये शाळा नुकती सुरू झाली होती. दादू डबा घ्यायला किचनमध्ये आला आणि वाकला तेव्हा तुम्हाला त्याची मान दिसली. मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखी झालेली कातडी. आम्हाला ती रोजच दिसत होती हो, सासूबाई दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासायच्या, तो ओरडायचा, मान लाल व्हायची आणि काळेपणा तसाच. मी पण त्याला किती वेळा म्हणलंय की अंघोळ नीट करत जा. तो शाळेत गेल्यावर तुम्ही गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "ताई, राग नका मानू, पण हा मळ नाहीये. माझ्या नणंदेच्या पोराची अशीच झालेली, डॉक्टरनी शुगर तपासायला लावलेली. एकदा दाखवून घ्या."

मला राग आला होता मावशी. आज कबूल करते. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही, तुमच्या ते लक्षात आलंच असणार, तरी तुम्ही रोजच्यासारख्या साडेसातला येत राहिलात. चार घरची कामं करणाऱ्या बाईने एका घरच्या पोराबद्दल असं तोंडावर सांगायला किती धीर लागतो ते मला फार उशिरा कळलं. काम गेलं असतं तर? नातेवाईकांपैकी कुणी कधी काही बोललं नाही, सगळे आपले "खात्यापित्या घरचा आहे" म्हणून गाल ओढायचे.

मुलांच्या डॉक्टरांनी मान बघितली, काखा बघितल्या आणि तुमचंच बोलणं त्यांच्या भाषेत सांगितलं. इन्सुलिन शरीरात नीट काम करत नसलं की कातडी अशी होऊ शकते, घासून ती जाणार नाही, उलट सोलून निघेल. दादू तेव्हा दहा वर्षांचा, उंची 142 सेंटीमीटर, वजन 52 किलो. मुलांना मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तसाच लावत नाहीत, वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगीप्रमाणे वेगळा चार्ट असतो, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा, 2015 चा. त्यावर त्याचा ठिपका सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर गेला. त्याचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, 5.8 आलं. मग डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, आई, तुमचंही करून घ्या. माझं 6.1. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. माझं वजन 81, उंची पाच फूट दोन इंच, कंबर 98 सेंटीमीटर, आणि आपल्याकडच्या बायकांना 80 च्या वर गेली की धोका समजतात. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले, दादू माझा हात धरून बसला होता, त्याला वाटलं त्याच्यामुळे रडतेय.

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की पोराला उपाशी ठेवू नका, त्याचं वजन आहे तिथं जरी थांबलं तरी उंची वाढेल तसं ते जागेवर येईल, वाढतं वय आहे. पण मी घाबरलेली. नेटवरून डाएट चार्ट काढला आणि घरात दोन स्वयंपाक सुरू केले. आम्हाला नेहमीचं, त्याला उकडलेले मूग, अर्धी पोळी आणि काकडी. शिवाय मी माझ्यासाठी एका ठिकाणी वजन कमी करायचं पॅकेज घेतलं, त्यांनी पावडरचे डबे दिले आणि वर "मुलालाही चालेल" म्हणाले, ते डॉक्टरांनी ऐकलं आणि सरळ बंद करायला लावलं. पैसे गेले ते गेलेच.

तीन आठवड्यांनी तुम्हाला ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे क्रीम बिस्किटांची रिकामी पाकिटं सापडली. नऊ. प्रत्येकाची बारीक घडी घातलेली, एकावर एक नीट रचून ठेवलेली. तुम्ही ती त्याच्यासमोर काढली नाहीत, सासूबाईंनाही दाखवली नाहीत, तो शाळेत गेल्यावर माझ्या हातात दिलीत. मी चिडून काहीतरी बोलणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात ते मला शब्दान् शब्द आठवतंय. "ओरडू नका त्याला. लेकरू चोरून खातंय म्हणजे त्याला भूक लागतीये. आणि घरात आपण वेगळे आहोत असं त्याला वाटतंय. त्याला वेगळं ताट लावू नका ताई. सगळ्यांना एकच करा, मी करते."

त्या घड्या मला अजून दिसतात. दहा वर्षाचं पोर इतक्या काळजीने कागद दुमडून लपवतंय म्हणजे त्याच्या मनात काय चाललं असेल.

मग तुम्ही आमचं किचन हातात घेतलंत. तुम्ही तेलाच्या रिकाम्या पिशव्या मोजून ठेवल्या होत्या, महिन्याला सहा लिटर, चार माणसांना. मी गणित केलं तर माणशी रोज 50 मिली, म्हणजे दहा चमचे तेल. तुम्ही ती बरणी वरच्या फळीवर ठेवून दिलीत आणि सकाळी आल्या आल्या एका छोट्या स्टीलच्या वाटीत दिवसाचं तेल काढायला लागलात, "आज एवढंच, रात्रीची फोडणी पण यातलीच." भाजीवर ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवायचं, वाफेवर शिजवायची, खाली लागली तर तेच गरम पाणी घालायचं. हे आमच्या आजीच्या घरी बघितलेलं, मी विसरून गेले होते. पोळीच्या घडीत तेल बंद झालं, रात्री भाकरी सुरू झाली, ज्वारीची, थंडीत बाजरीची. मटकीची उसळ, पालेभाजी ताक घालून, मुगाची धिरडी, कोशिंबीर रोज, आणि दादूला शाळेतून आल्यावर पोटभर थालीपीठ-दही, कारण त्याला खरी भूक त्या वेळेला लागते हे पण तुम्हीच हेरलंत. बिस्किटं घरात यायची थांबली ती सगळ्यांसाठी थांबली. ज्यूसचे छोटे पॅक पण, त्याच्या मागचं छापलेलं वाचलं तर 200 मिलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे, आणि मी ते त्याला फळ म्हणून देत होते. माझा चहा दिवसाला चार कप, दोन-दोन चमचे साखर, तो दोन कपांवर आला आणि अर्ध्या चमच्यावर. आता महिन्याला तेल अडीच लिटर लागतं.

नवरा आधी कुरकुरला. तो बारीक, त्याला वाटायचं मी कशाला हे खाऊ. त्याला डॉक्टरांनीच समजावलं की आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, 'थिन-फॅट' म्हणतात, हातपाय बारीक पण पोटाभोवती चरबी, आणि आपल्या लोकांना डायबेटिस कमी वजनात आणि कमी वयात गाठतो त्याचं हे एक मोठं कारण. त्या दिवसापासून तो गप्प भाकरी खायला लागला, आता दोन मागतो.

आणि पर्वतीची टेकडी. घरातलं तुम्ही पगारात केलंत असं एक वेळ म्हणता येईल, पर्वतीचं काय म्हणू? रविवार हा तुमचा एकच मोकळा दिवस. तुम्ही पायथ्याशी राहता, म्हणालात, "सकाळी साडेसहाला या दोघं, मी खाली उभी राहते." 103 पायऱ्या. रुंद, लांब लांब, मधे उतार असलेल्या, दिसायला सोप्या. पहिल्या दिवशी मी तीन ठिकाणी बसले, दादू पाच ठिकाणी, बाजूने सत्तर-पंचाहत्तरीचे आजोबा वर जाऊन खाली येत होते आणि दादू शरमेने लाल. तुम्ही त्याच्या एक पायरी पुढं उभ्या, पदर खोचलेला, घाई नाही, चल चल नाही. तो उठला की तुम्ही चालायच्या, तो बसला की तुम्ही कठड्याला टेकायच्या. वर गेल्यावर तुम्ही त्याला सारसबाग दाखवली, लांब सिंहगड दाखवला. मी त्याला सांगितलं की हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, 1749 ला पूर्ण झालं, पानिपतानंतर 1761 मध्ये ते इथंच पर्वतीवर वारले. त्याने ते ऐकलं का माहीत नाही, तो तुमच्या पिशवीतल्या भाजलेल्या शेंगांकडे बघत होता. सहाव्या रविवारी तो एकदाही न बसता वर गेला आणि वरून ओरडला "मावशीऽऽ". मला नाही, तुम्हाला हाक मारली त्याने, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

शाळेत खेळाच्या तासाला त्याला कायम गोलकीपर करायचे, पळता येत नाही म्हणून. हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं, तुम्हाला पायऱ्यांवर सांगितलं. मग मी शाळेत जाऊन बोलले, तेव्हापासून तो मैदानात पळतो. रोज एक तास मुलांनी घाम येईल असं खेळायला पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. आम्ही ते सोसायटीत सायकल, लगोरी, आणि पावसात सात मजल्यांचा जिना असं जमवलं. मी त्याच्याबरोबरच. मोबाइल साडेनऊला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, माझा पण, दहाला दिवे बंद. झोपेचा इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं, सकाळची चिडचिडच गेली.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीत माझं दोन किलो वाढलं आणि मी हातपाय गाळून बसले, तेव्हा तुम्ही पोळ्या लाटता लाटता म्हणालात, "दिवाळीचं होतं, दिवाळीबरोबर जाईल. वाटी भरली आहे आजची." एवढंच. फराळ तुम्हीच केला होता, तळून केला होता, आणि दादूने पोटभर खाल्ला होता, त्याला तुम्ही एकदाही "पुरे" म्हणाला नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं. चौदा महिन्यांत तुमच्या तोंडून त्याच्यासमोर जाड, वजन, डाएट यातला एक शब्द आला नाही.

जानेवारीत आम्ही तिघं आतकरवाडीतून सिंहगड चढलो, तुम्ही नाही आलात, त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे होते. दोन तास दहा मिनिटं लागली. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, आणि दादू म्हणाला पिठलं मावशींचंच भारी.

मागच्या आठवड्यात परत डॉक्टरांकडे गेलो. दादू 149 सेंटीमीटर, साडेएकोणपन्नास किलो. चार्टवर ठिपका अजून वरच आहे पण चांगला खाली सरकलाय, आणि मान बरीच उजळलीये, कडेला थोडं राहिलंय. एचबीएवनसी त्याचं 5.4, माझं 5.6. मी 69 किलो. डॉक्टरांनी विचारलं कुणाचं डाएट फॉलो केलं, तर दादू म्हणाला, "आमच्या मावशींचं." डॉक्टर म्हणाले मला भेटायचंय त्यांना.

तर त्यावरूनच आता मुद्द्याचं. गेले तीन रविवार तुम्ही पर्वतीवर मधेच थांबताय, उजवा गुडघा हाताने दाबून धरताय आणि "काही नाही, पावसाचं आहे" म्हणताय. दादू तुमच्या एक पायरी पुढं उभा राहतो हे तुम्ही बघितलंत का? तुम्ही उठलात की चालतो. मी त्याला काही शिकवलेलं नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये, गुरुवारी संध्याकाळी साडेपाच. पाचला रिक्षा घेऊन मी पायथ्याशी येते, दादू पण येणारे. त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक मी करेन, वाटीतल्याच तेलात, बाकीच्या घरी तुमची लेक सांगून ठेवेल असं तिच्याशी बोलणं झालंय. फी-बिचं काही काढायचं नाही. आणि नाही म्हणू नका मावशी, तुमचं सगळं मी ऐकलंय, माझं एवढं ऐका.

तुमची,
दादूची आई